शहाण्णव मेंढ्यांचा दिवा

कोनारअण्णा भिंतीला विचारल्याशिवाय तिला भोक पाडत नाहीत.

हे मी गमतीने म्हणत नाही. बहारीनमधल्या मुहर्रकला आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या बायकोला, वंदनाला, भिंतीवर घड्याळ लावून हवं होतं. कोनारअण्णा आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात आणि सित्र्याच्या आमच्याच कंपनीत मेंटेनन्स सुपरवायझर आहेत. एवढ्याशा कामाला बाहेरचा माणूस कशाला बोलवायचा? एका शुक्रवारी सकाळी अण्णा ड्रिल मशीन घेऊन आले. स्टुलावर चढले. भिंतीवरून तळहात सावकाश फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवतात तसा. मग कान लावला. मग बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "कोई है?"

आमची इरा पाचवीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून इंग्लिशच येतं. "बाबा, ही इज टॉकिंग टु द वॉल," ती माझ्या कानात म्हणाली. मी तिला गप्प बसवलं, कारण मला स्वतःलाच हसू आवरत नव्हतं. अर्ध्या तासाने अण्णा खाली उतरले. "दीवार का मन नहीं है, मात्रे सार," म्हणाले आणि घड्याळ दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावून गेले. ते तिसऱ्या दिवशी पडलं.

मी म्हात्रे. अण्णांच्या तोंडी त्याचं मात्रे होतं, आणि पुढे 'सार' लागतं. मी कंपनीत स्टोअरकीपर, ते माझ्यापेक्षा वयाने बारा-तेरा वर्षांनी मोठे, तरी मी 'सार'.

कंपनीतही हाच प्रकार. अण्णांच्या हाताखाली सहा फिटर आहेत. अण्णांनी भिंत चाचपल्याशिवाय एकालाही ड्रिल चालू करायची परवानगी नाही. साइटवरच्या केबिन प्लायवूडच्या, ट्रेलरवरून आणून ठेवलेल्या. त्यांच्या भिंतीत कोण असणार? एका नव्या इंजिनियरने मॅनेजरकडे तक्रारसुद्धा केली. पण इतक्या वर्षांत अण्णांच्या माणसांनी एकही लपलेली केबल तोडली नव्हती की पाइप फोडला नव्हता. मॅनेजर म्हणाला, विचारू दे त्यांना भिंतीला. याचं कारण कुणी विचारलं तर अण्णा एकच सांगायचे: "आदत."

दुसरी आदत तुपाची. वंदनाने वरणभातावर वाढायला तुपाचा चमचा उचलला की अण्णा ताटावर दोन्ही हात आडवे धरतात. "घी मफी, वैनी! मफी!" मफी म्हणजे अरबीत नाही. पुरणपोळी कोरडी खाणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला. डॉक्टरने बंद केलंय का, असं वंदनाने विचारलं तेव्हा म्हणाले, "डॉक्टर नहीं. घी दिये का है." गावाला त्यांची थोरली बहीण असते, अक्का. तीही तूप खात नाही म्हणे. "उसको शुगर है," अण्णा म्हणाले. शुगरवाल्या बाईने साखर सोडायची की तूप, हे मला कळलं नाही. पण भावंडांच्या खाण्यापिण्यात आपण कशाला पडा.

आणि तिसरी आदत मेंढ्यांची. मुहर्रकच्या बाजारात गफ्फारभाईंचं मसाल्याचं छोटं दुकान आहे. गफ्फारभाई रत्नागिरीकडचे, माझे जुने दोस्त. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं त्यांच्या गाडीतून कधीमधी जनाबियाच्या बाजूला हिंडायला जातो. तिकडे बंगले आणि कंपाउंडं आहेत, पण मधूनच एखाद्याचं शेत लागतं, कुंपणात मेंढ्या असतात. मेंढ्या दिसल्या की अण्णा ओरडतात, "रोको, रोको!" उतरतात, कुंपणाशी उभं राहून बोटांच्या पेरांवर सगळा कळप मोजतात, नमस्कार करतात आणि परत येऊन बसतात. "सत्तर. कम है," असा निकाल देतात.

एका बकरी ईदला गफ्फारभाई त्यांना मेंढा निवडायला घेऊन गेले होते. परत आल्यावर मला म्हणाले, "म्हात्रे, ह्यो मानूस मेंढराचा तोंड उघडून बगतो नि त्याची जन्मतारीख सांगतो! दागतर हाय दागतर!" मग जरा थांबून हळूच म्हणाले, "पन मेंढरू गाडीत चढवला ना, तवा पाठ करून उभा रवला. परत नाय नेनार त्याला मी." तेव्हापासून ईदच्या सकाळी गफ्फारभाई स्वतः येऊन अण्णांना खजुराचा डबा देऊन जातात.

या सगळ्याचं मूळ आहे अण्णांच्या गावचं देऊळ. कावेरीच्या एका फाट्यावर त्यांचं गाव आहे. गावाचं नाव 'तिरु' असं सुरू होतं आणि तुम्ही मध्ये एक श्वास घेऊन आलात की संपतं. अकरा वर्षं ऐकतोय, मला अजून एका दमात म्हणता येत नाही. देऊळ मोठं नाही, उंच गोपुरं वगैरे नाहीत. भाताच्या खाचरांत बसलेलं, काळ्या दगडाचं, शंकराचं. त्याचा इतिहास मी मुहर्रक ते सित्रा कंपनीच्या बसमध्ये ऐकला, रोज थोडा थोडा.

आधी विटांचं होतं. ते कुणी बांधलं हे शंकरालाच ठाऊक. मग चोळ राजांच्या काळात ते दगडाचं झालं, आणि दगडाचं झाल्याबरोबर लोकांनी त्याच्या भिंतींवर लिहायला सुरुवात केली. कुणी जमीन दिली, कुणी नारळीची बाग, कुणी देवळात गाणाऱ्यासाठी भात. सगळं छिन्नीने कोरलेलं. "वो टाइम का ऑफिस फाइल, मात्रे सार," अण्णा म्हणायचे. "मगर परमनंट फाइल."

त्यातच एक लेख एका बाईचा आहे. तिने देवापुढे नंदादीप लावायला शहाण्णव मेंढ्या दिल्या. गावच्या मेंढपाळाने त्या सांभाळायच्या आणि त्या बदल्यात रोज एक माप तूप देवळात पोचवायचं. दिवा दिवसरात्र जळायचा. किती दिवस? तर चंद्र-सूर्य आहेत तोवर.

"मेंढ्या मरतील की," मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणालो.

अण्णा याचीच वाट बघत असत. त्यांचे डोळे मोठे होत. "सावा मूवा पेराडु!" बसमधली झोपलेली माणसं जागी व्हायची. त्या लेखातच मेंढ्यांना तसं म्हटलं आहे: न मरणाऱ्या, म्हाताऱ्या न होणाऱ्या. एक मेली की तिच्या जागी कोकरू येणार, शहाण्णवच्या खाली आकडा जाणार नाही. "मेंढी मरेगा, गिनती नहीं मरेगा."

पुढे राज्यं बदलली. नदीने कूस बदलली. एका पुरात देऊळ गुडघाभर वाळूत गेलं आणि मंडपात गुरं बांधली जाऊ लागली. "फिर तुम्हारा लोग आया," अण्णा म्हणायचे, म्हणजे तंजावरचे मराठे. अण्णांच्या मते त्यांनी देऊळ स्वच्छ केलं, एक घंटा दिली आणि भक्तीच्या भरात आतल्या भिंतींना जाड चुना फासला. त्या बाईच्या लेखाचा खालचा अर्धा भाग त्या चुन्याखाली गेला. हे सांगताना ते माझ्याकडे असं बघायचे की चुन्याचा कुंचला माझ्याच हातात आहे असं मला वाटायचं. मी दोन-तीनदा माफीसुद्धा मागितली.

आता इतकं ऐकल्यावर मलाही राहवेना. अलिबागच्या खाली माझ्या गावात शेताच्या बांधावर एक उभा दगड आहे, त्यावरही चंद्र-सूर्य आहेत, असं मी एकदा सांगितलं. त्याखालचं चित्र लहानपणी आम्हाला बघू देत नसत. त्यात एक गाढव आहे, याहून जास्त मी इथेही सांगणार नाही. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे. आम्ही त्या दगडाला म्हैस बांधायचो.

अण्णांनी बसमध्येच माझा हात धरला. "तो तुम्हारा दान किधर है?"

दान काय होतं, कुणी दिलं, कुणाला, हे माझ्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही शिवी तेवढी सांभाळली होती. खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसत होती. अण्णा रोज तिच्याकडे बघून "इसमें कौन घी डालता है?" असं विचारतात आणि मी रोज हसतो. त्या दिवशी हसलो नाही. हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईचा शब्द पाळायला हा माणूस समुद्र ओलांडून इथे राबत होता. कारण त्या शहाण्णव मेंढ्या नुसत्या गोष्टीतल्या नाहीत. अण्णांच्या घरी आजही शहाण्णव आहेत. अण्णांनी लग्न केलं नाही, अक्का लवकर विधवा होऊन माहेरी आली. इथून अण्णा कळप पोसतात आणि तिथे अक्का रोज सकाळ-संध्याकाळ तूप घेऊन देवळात जाते. कोनार म्हणजेच मेंढपाळ.

आणि चुन्याखाली, लेखाच्या खालच्या भागात, मेंढ्या ताब्यात घेणाऱ्या मेंढपाळाचं नाव असणार, अशी अण्णांच्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री होती. "हमारा आदमी," अण्णा म्हणायचे. पण हे म्हणताना त्यांचा आवाज का कोण जाणे खाली यायचा.

यंदा देवळाचा कुंभाभिषेक निघाला. बारा-पंधरा वर्षांनी देऊळ दुरुस्त करून देवाची पुन्हा प्रतिष्ठा करतात, तो मोठा सोहळा. त्यासाठी गावची कमिटी बसली आणि कमिटीच्या प्रेसिडेंटने सुचवलं की दिवा आता विजेचा करू. बटण दाबलं की झालं. तूप नको, काजळी नको. अक्का पंचाहत्तरीची, कोनार बहारीनला, दोघांच्या मागे कोणी नाही. यांच्यानंतर तूप कोण घालणार? प्रेसिडेंट दुष्ट नव्हता, त्याचा प्रश्न सरळ होता. मग असं ठरलं की नाहीतरी भिंतीचा चुना काढायचाच आहे. खाली कोनारांच्या घराण्यातलं नाव निघालं तर दिव्याचा मान त्यांचा आणि दिवा तुपाचा. नाही निघालं तर बटण.

मला वाटलं, अण्णा आनंदाने नाचतील. पण ते बसमध्ये बोलेनासे झाले. गोष्टी बंद. मेंढ्या दिसल्या तरी "रोको" नाही. गफ्फारभाईंनीच एकदा आपणहून गाडी थांबवली, तर अण्णा मान वळवून बसून राहिले. "म्हात्रे, ह्याला काय झाला?" गफ्फारभाई घाबरून विचारत होते.

ज्या शुक्रवारी लेख वाचायचा होता, त्या दिवशी सकाळी अण्णा आमच्या दाराशी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला भस्म, हातात फोन. "मात्रे सार, मैं अकेला नहीं सुनेगा," म्हणाले.

वंदनाने गॅस बारीक केला आणि आम्ही तिघं डायनिंग टेबलाशी बसलो. व्हिडिओ कॉल लागला. आधी नुसती माणसांची डोकी दिसली, मग एक म्हातारी, काळीसावळी, ताठ, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. अक्का. तिने फोन कुणाच्या तरी हातात दिला आणि पडद्यावर भिंत आली.

मी तशी भिंत कधी पाहिली नव्हती. काळा ओला दगड, आणि त्यावर ओळींमागून ओळी, कुठेही हात न थरथरता कोरलेल्या. बाजूने दिव्याचा पिवळा उजेड पडत होता. तोच दिवा. लेखात ज्याचं नाव आहे तोच दिवा तो लेख वाचायला उजेड देत होता. वंदनाने न सांगता पदर डोक्यावर घेतला, जो ती एरवी आमच्या गावच्या देवळातही घेत नाही.

एका कॉलेजात तमिळ शिकवणाऱ्या बाई लेख वाचायला आल्या होत्या. त्या बोटाने एकेक अक्षर दाखवत वाचायच्या आणि अण्णा आम्हाला हिंदीत सांगायचे. राजाचं नाव आणि वर्ष. दान देणाऱ्या बाईचं नाव, तिच्या बापाचं नाव. नंदादीप एक. मेंढ्या शहाण्णव, सावा मूवा. "ये मेंढ्या हाथ में लिया इस गाँव का मेंढपाळ..."

बाईंचं बोट थांबलं. तिथे भोक होतं. चांगलं अंगठा जाईल एवढं, गोल, आणि भोवतीचा दगडही कपच्या उडून गेलेला. चार-पाच अक्षरं गेली होती. बोट पलीकडे सरकलं आणि पुढचं वाचू लागलं.

अण्णा पुढचं सांगेनात. त्यांनी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वो होल मेरा है."

तीस वर्षांपूर्वी अण्णा पहिल्या सुट्टीवर गावी गेले होते. पहिल्या पगारातून देवळाला काय द्यायचं? ट्यूबलाइट. तिकडे देवळाला दिलेल्या ट्यूबवर देणाऱ्याचं नाव रंगवायची पद्धत आहे, कधीकधी एवढं मोठं की उजेड बाहेर यायला जागा उरत नाही. अण्णांनीही रंगवून घेतलं: कोनार, बहारीन. इथून नेलेलं ड्रिल मशीन गावाने पहिल्यांदाच पाहिलं. सगळा गाव बघायला जमला. अण्णांनी ऐटीत भिंतीला मशीन लावलं, आणि भोक पडता पडता हाताएवढा चुना सुटून खाली आला. आत अक्षरं होती. मधोमध भोक.

"मैं पढ़ नहीं सका. मगर मालूम हुआ, मैंने किसी को मारा," अण्णा म्हणाले. धुरळा बसून कुणाला काही दिसायच्या आत त्यांनी ओला चुना घेऊन वर थापला आणि ट्यूब लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्रीपासून तूप बंद. त्या दिवसापासून कुठलीही भिंत असो, आधी विचारायचं. ट्यूब परवा दुरुस्तीसाठी काढली तेव्हा चुन्याखाली काय निघणार हे जगात एकट्या अण्णांना माहीत होतं. आपल्याच हाताने पाडलेल्या भोकामुळे हजार वर्षांचा दिवा विझणार, हे तोंडात धरून ते रोज माझ्या शेजारी बसमध्ये बसत होते.

मग अण्णांनी फोन सुलटा केला, अक्काला समोर बोलावलं आणि तमिळमध्ये सगळं सांगितलं. मला भाषा येत नाही, पण काय सांगताहेत ते कळत होतं. शेवटी शेवटी हा साठीला आलेला माणूस शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता.

अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग ती बोलली, अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. अण्णा ऐकत राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उसको मालूम था."

त्या दिवशी स्टूल अक्काने धरलं होतं. चुना तिच्याच डोक्यावर पडला. तिने वर बघितलं, अक्षरं पाहिली, भोक पाहिलं. भाऊ वर घाबऱ्या घाबऱ्या चुना थापत होता, तेव्हा ती मुद्दाम खाली मान घालून उभी राहिली, तिने पाहिलं असं त्याला वाटू नये म्हणून. पहिल्या पगाराचा दिवा होता त्याचा. घरी येऊन तिनेही तूप सोडलं.

"और शुगर?" मी विचारलं.

अण्णांनी विचारलं. पलीकडून अक्का फणकाऱ्याने काहीतरी म्हणाली.

"बोलती है, किसको शुगर?" अण्णा म्हणाले, आणि रडता रडता हसायला लागले.

तेवढ्यात त्या कॉलेजच्या बाई मध्ये काहीतरी बोलल्या. लेख संपला नव्हता, दोन ओळी राहिल्या होत्या. फोन पुन्हा भिंतीकडे गेला. बाईंनी सावकाश वाचलं. अण्णांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "वो बाई बोलती है: ये दिया जो कोई रखेगा, उसका पाँव मेरे सिर पर."

जो कोणी. नाव नाही, घराणं नाही. माझ्या गावच्या दगडाने दान मोडणाऱ्यावर गाढव सोडलं होतं. आणि ही बाई, कुणाची कोण, पुढे हजार वर्षांनी येणाऱ्या अनोळखी माणसाचे पाय आधीच डोक्यावर घेऊन बसली होती. पडद्यावर अक्काचे पाय दिसत होते, भेगाळलेले, तुपाची वाट रोज दोनदा चालणारे. मी तिथल्या तिथे खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडले. प्रेसिडेंटनेही जोडले असावेत, कारण तो फोनसमोर वाकलेला दिसला आणि अक्का त्याच्यावर खेकसली. "बोलती है, बाजू हो, दिये पर साया पड़ता है," अण्णांनी सांगितलं. बटणाचं नाव मग कुणी काढलं नाही.

वंदना उठली आणि ताटं घेतली. वरणभात, लिंबू. सवयीने तिने तुपाचं भांडं बाजूला ठेवलं. अण्णा ताटाकडे बघत बसले होते. मग फोनमध्ये अक्काला काहीतरी म्हणाले, आणि पलीकडे फोन तिच्यामागून तिच्या घरात शिरला; ती चुलीजवळ वाकली.

"वैनी," अण्णा म्हणाले, "थोडा घी."

वंदनाने इतक्या घाईने वाढलं की निम्मं तूप ताटाबाहेर गेलं. अण्णांनी फोन भांड्याला टेकवून उभा केला. पलीकडे अक्काही भाताचं ताट घेऊन बसली. "ओन्नु, रेंडु, मूनु," अण्णांनी मोजलं आणि दोघांनी एकदमच घास घेतला. आम्ही तिकडे न बघितल्यासारखं केलं.

कुंभाभिषेकासाठी अण्णांची रजा मंजूर झाली आहे. पुढच्या आठवड्यात जातील, आणि या खेपेला नुसते तीस दिवसांसाठी नाही, असं मला त्यांच्या सामानावरून वाटतं. काल संध्याकाळी ते ड्रिल मशीन घेऊन वर आले. "घड़ी लाओ, मात्रे सार," म्हणाले. मी घड्याळ आणलं आणि स्टूल धरून खाली उभा राहिलो. अण्णा वर चढले, भिंतीवर तळहात ठेवला, कान लावला, टकटक केलं.

"कोई है?"

इरा हसली नाही. आम्ही सगळेच उभे राहिलो, भिंत काय म्हणते ते ऐकत.